ग्लेनिसचा दुसरा नंबर

जगातली सगळ्यात थोर पोहणारी बाई कोण, यावरून आमच्यात दर बुधवारी भांडण ठरलेलं. पोहण्याच्या बंदिस्त तलावातून बाहेर यायचं, ओल्या केसांवर लोकरी टोप्या ओढायच्या, बर्फातून रस्ता ओलांडून समोरच्या डोनटच्या दुकानात शिरायचं, आणि कॉफी निवायच्या आत फर्नने तोंड उघडायचं.

"अमेरिकेची लेडेकीच," फर्न म्हणायची. "बाकीच्या भिंतीला हात लावेपर्यंत हिचा श्वाससुद्धा जागेवर आलेला असतो. आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

मी मॅरिलिन बेलच्या बाजूची. सोळा वर्षांची पोर, अख्खा लेक ओंटॅरिओ पोहून गेली. "तुझ्या लेडेकीला तळाशी काळी रेघ दिसते गं. मॅरिलिनला काय दिसत होतं? काळोख आणि लाटा."

ग्लेनिस मात्र कुणाचं नाव घ्यायची नाही. "जी स्वच्छ पोहली ती थोर," एवढंच म्हणायची. मग आम्ही भांडण आवरतं घ्यायचो, कारण तिचं दुखणं आम्हाला माहीत होतं.

ग्लेनिस इथलीच, किंग्स्टनची. सतराव्या वर्षी टोरांटोच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये दुसरी आली होती. पहिली आली पूर्व जर्मनीची मार्लिस. पुढे बर्लिनची भिंत पडली, आणि तिकडच्या पोरींना व्हिटॅमिन म्हणून ताकद वाढवणाऱ्या कसल्या गोळ्या चारत होते ते जगजाहीर झालं. तेव्हापासून गावाने ग्लेनिसच्या चांदीचं सोनं करून टाकलं. वाणसामान घेताना, चर्चच्या जेवणात, कुणी ना कुणी तिला म्हणायचंच, "खरी पहिली तूच." ग्लेनिस मान हलवायची. नवरा गेला, मुलं व्हँकुव्हरला गेली, पण ते वाक्य तिच्यापाशी राहिलं.

या हिवाळ्यात तलावाला पन्नास वर्षं झाली. मॅनेजरने ठरवलं, ग्लेनिसचा फोटो दरवाजाशी लावायचा. फर्नने ते काम अंगावर ओढून घेतलं. फोटोखाली काय लिहायचं तेही तिनेच ठरवलं: 'खरी विजेती'.

आमच्यात तेव्हा हाइडरून नवीन होती. लाइपझिगहून आपल्या मुलीकडे, कात्रिनकडे, राहायला आलेली. आवाज पुरुषासारखा जाड, बोलणं मोजकं. फक्त ब्रेस्टस्ट्रोक पोहायची, तेही मान वर काढून, केस भिजू न देता. चांगली बाई. ती आल्यापासून आम्ही गोळ्यांचा विषय टेबलावर येऊ देत नव्हतो. जर्मन बाई समोर बसलेली, उगाच कशाला?

पण फर्नच्या पोटात काही राहतं का? त्या बुधवारी तिने पिशवीतून फोटो काढला आणि कपांच्या मधोमध ठेवला. पायऱ्यांवर तीन मुली उभ्या, गळ्यात पदकं.

"ओळखा बघू आमची ग्लेनिस!"

हाइडरूनने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग सगळ्यात खालच्या पायरीवरच्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही मी," ती म्हणाली.

"चल, काहीतरीच!" फर्न हसली. हाइडरून हसली नाही.

आम्ही फोटोवर वाकलो. रुंद खांद्यांची, कापलेल्या केसांची मुलगी. कॅमेऱ्याकडे न बघता दुसरीकडेच बघत होती. हनुवटी हाइडरूनचीच.

ग्लेनिसने फोटो आपल्याकडे ओढला. "तू... आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"मला कुठे ठाऊक होतं? तुझं आडनाव तेव्हा वेगळं होतं. आणि आपण म्हाताऱ्या झालो."

फर्नला राहवलं नाही. "म्हणजे तूसुद्धा त्या गोळ्या?"

"निळ्या. कोचसमोर गिळायच्या, मग तोंड उघडून दाखवायचं. मार्लिस आणि मी एका खोलीत राहायचो. दोघींना त्याच."

"थांबा, थांबा," फर्न म्हणाली. "तू गोळ्या खाल्ल्यास, तरी ग्लेनिसने तुला हरवलं?"

"हो."

"मग ग्लेनिस तर आणखीच थोर!" फर्नने टेबलावर थाप मारली.

मला वाटलं ग्लेनिस खुलेल. पण ती फोटोतल्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "दोघींनी तेच खाल्लं," ती सावकाश म्हणाली. "तू माझ्या मागे, ती माझ्या पुढे. मग ती गोळ्यांमुळे पुढे होती, की मुळातच तशी होती?"

हाइडरूनने कप फिरवला. "माहीत नाही."

मग तिने सांगितलं, की त्या शर्यतीनंतर कपडे बदलायच्या खोलीत कोच म्हणाली, कॅनडाच्या पोरीकडून हरलीस. घरी परतल्यावर तिला क्रीडाशाळेतून काढलं. पुन्हा कधी तिला शर्यतीला घेतलं नाही. "तुझ्यामुळे नाही," ती घाईने ग्लेनिसला म्हणाली. "म्हणजे, तुझ्यामुळेच. पण तसं नाही..."

ग्लेनिस उठली आणि निघून गेली. जाताना माझीच टोपी घालून गेली.

पुढच्या बुधवारी ती तलावावर आली नाही. मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात ती ओव्हनमध्ये बटर टार्ट भाजत होती. पहिला घाणा करपून ओट्यावर पडला होता.

"इतकी वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले," ती म्हणाली. "मला लुटलं. आता लुटलं कुणी आणि लुटली कोण, मलाच कळेना. मी जीव तोडून पोहले म्हणून त्या पोरीची शाळा सुटली. मग काय, मी हळू पोहायचं होतं?"

"नाही गं."

"मग?"

मी करपलेला घाणा कचऱ्यात लोटला.

"सवयीने मार्लिसवर रागवायला जाते," ती म्हणाली, "तर डोळ्यांपुढे ही येते, मान वर काढून पोहणारी."

दुसरा घाणा बरा झाला. तो डब्यात भरून आम्ही दोघी कात्रिनच्या फ्लॅटवर गेलो. दार हाइडरूननेच उघडलं. ग्लेनिसने कोटही काढला नाही.

"मार्लिस माझ्यापेक्षा चांगली होती का? खरं सांग."

हाइडरूनने विचार केला. "सरावात मी तिला कधीकधी हरवायचे. पण गोळ्यांशिवाय ती कशी असती, मी कशी असते, कोण सांगणार? मी लहान होते तेव्हापासून सुरू होत्या. मी कुठे संपते आणि गोळी कुठे सुरू होते, मला वेगळं काढता येत नाही. तुला निदान एवढं माहीत आहे, की पोहली ती तूच."

"ती कुठे असते आता?"

"मार्लिस? गेली. फार तरुणपणी. लिव्हर."

ग्लेनिस मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. कुणासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"माझा राग येतो तुला?" हाइडरूनने विचारलं.

"येतो की नाही, तेच बघायला आले होते."

"मग कोट काढ. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने फर्नला फोन केला. 'खरी विजेती' काढ, तेव्हा निकालाच्या पाटीवर जशी नावं लागली होती तशी तिन्ही लिही: मार्लिस, मी, हाइडरून.

"अगं, पण तू पहिली आहेस!" फर्न ओरडली.

"असेन. नसेनही."

फर्न पुष्कळ भांडली. शेवटी तसंच लिहिलं. फोटो लावला त्या दिवशी बरीच माणसं जमली. हाइडरून कोट घालूनच मागे उभी होती. मॅनेजरने ग्लेनिसला दोन शब्द बोलायला सांगितले. ती माइकपाशी गेली, थांबली, आणि म्हणाली, "मला नक्की काय वाटतं ते कळलं की सांगेन." लोक हसले, त्यांना ती गंमत वाटली. मी तिच्या शेजारी होते. ती गंमत करत नव्हती.

आता त्या दोघी एकाच लेनमधून जातात. ग्लेनिसही मान वर काढून ब्रेस्टस्ट्रोक मारते, म्हणजे बोलता येतं. काय बोलतात कोण जाणे. कधी हसताना दिसतात, कधी एक थांबते आणि दुसरी पुढे निघून जाते. मागे आमची रांग लागते, आणि फर्न ओरडते, "गप्पाच मारायच्या असतील तर बाहेर निघा ना गं बायांनो!"