बाहीवरची जांभळी शाई

रॉइसचे शर्ट धुवायला टाकताना एकाच्या बाहीवर मला जांभळी शाई दिसली. इतर बायका नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक शोधतात, मला शाई पुरते. टिल्डन काउंटीच्या कोर्टात मी बावीस वर्षं कारकुनी करतेय, आणि आमच्या कचेरीचा शिक्का निळा उमटतो. जांभळा उमटतो तो चौतीस मैलांवरच्या कॅस्वेल काउंटीत, तिथली कारकून ओलेटा हिच्या खिडकीवर. आणि टिल्डनचा माणूस त्या खिडकीवर एकाच कामासाठी जातो.

आमच्याकडे घटस्फोट हवा असला तरी आपल्या काउंटीत कोणी मागत नाही. मागितला की शुक्रवारच्या साप्ताहिकात, डुकरांचे भाव आणि चर्चची जेवणावळ यांच्या मधोमध नाव छापून येतं. म्हणून टिल्डनची माणसं कॅस्वेलला जातात, तिथल्या कुणा मावशीचा नाहीतर मेहुण्याचा पत्ता आपला म्हणून लिहितात आणि अर्ज टाकतात. कॅस्वेलची माणसं आमच्याकडे येऊन तेच करतात. न्यायाधीश दोन्हीकडे एकच. तो पत्ता वाचतो, खाकरतो आणि पान उलटतो. कुणाचं नाव आलं हे ओलेटाने मला आणि मी ओलेटाला सांगायचं नाही, असा आम्हा दोघींचा नियम आहे. तो मीच घालून दिला होता.

शाई दिसल्यावर एकेक गोष्ट आठवायला लागली. तीन गुरुवार रॉइस दुपारी पेंडीच्या दुकानात जातो म्हणून निघाला होता. पेंडीच्या दुकानात जायला कोणी दाढी करत नाही. जेवणाच्या टेबलावर तो माझ्याकडे बघायचा आणि मी बघितलं की बटाट्यांकडे बघायचा. परवा तर खिम्याचं मीटलोफ चांगलं झालंय म्हणाला. सत्तावीस वर्षांत त्याने मीटलोफला चांगलं म्हटलं नव्हतं.

मी ओलेटाला फोन लावला.

"रॉइस तुझ्याकडे आला होता का गं?"

ती म्हणाली, "तुमच्याकडे वारा कसा आहे?"

"ओलेटा, मी काय विचारतेय?"

"आणि मी काय सांगू शकत नाही ते तुला ठाऊक आहे. नियम कुणाचा, बाई?"

एवढं उत्तर मला पुरलं. रात्रभर मी त्याच्या पाठीकडे बघत पडले होते. घर त्याच्या वडिलांचं. मी कुठे जाणार, बहिणीकडे? खरं सांगायचं तर घराची काळजी कमीच होती. हा माणूस सकाळी माझ्याआधी उठून माझ्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडतो, आणि यापुढे खरवडणार नाही, याने मला रडू येत होतं.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि कॅस्वेलला गेले. कोर्टासमोर त्याचा ट्रक नव्हता. मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांपाशी होता. दुसऱ्याच्या काउंटीत सगळे तिथेच गाडी लावतात.

ओलेटाने मला दारात पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"या वर्षीची नोंदवही दे," मी म्हटलं. "ती सगळ्यांसाठी खुली असते. त्यात नियम आड येत नाही."

तिने दिली. मी आमचं आडनाव शोधलं, हॅकबार्ट. नव्हतं. मागच्या वर्षीची उघडली. त्यातही नव्हतं. एक क्षण हायसं वाटलं, पण लगेच मनात पाल चुकचुकली. अर्ज आलाय आणि हिने अजून चढवला नसेल तर?

"ओलेटा, तू लपवतेयस."

"मी काहीही लपवत नाहीये," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू चुकीची वही बघतेयस, नेल्डा. जुनी घे. आणि हॅकबार्ट बघू नकोस, पिकरिंग बघ."

पिकरिंग हे माझं आडनाव होतं, दोनच वर्षं. एकोणिसाव्या वर्षी मी लायल पिकरिंगशी लग्न केलं होतं. एकविसाव्या वर्षी तो तेलविहिरींवर निघून गेला, आणि मी टिल्डनच्या रीतीप्रमाणे कॅस्वेलला येऊन, बर्डीमावशीचा पत्ता लिहून अर्ज टाकला होता. जांभळा शिक्का मारलेली त्याची प्रत माझ्या बायबलमध्ये आहे. ते नाव मी घरात उच्चारत नाही आणि उच्चारू देत नाही.

जुन्या नोंदवहीत माझी ओळ होती. अर्ज आल्याची तारीख होती. निकालाच्या रकान्यात लिहिलं होतं: अर्जदार सुनावणीला आली नाही, प्रकरण बंद.

मी ती ओळ तीनदा वाचली.

"सुनावणीचं पत्र तुझ्या मावशीच्या पत्त्यावर गेलं होतं," ओलेटा हळूच म्हणाली. "परत आलं. फायलीत आहे, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही."

बर्डीमावशी त्या उन्हाळ्यात लेकीकडे राहायला गेली होती. आणि मी शिक्क्याची प्रत हातात आली म्हणजे सुटले असं समजले. एकवीस वर्षांची होते. असलेच वेडे महिन्यातून दोनदा माझ्या खिडकीवर येतात, शिक्क्याचा कागद फडकवत, आणि मी सगळ्यांसमोर त्यांना झापते: शिक्का म्हणजे निकाल नव्हे, न्यायाधीशाची सही दाखवा! माझ्या स्वतःच्या कागदावर सही नाही, हे मी बावीस वर्षांत बघितलं नव्हतं.

"तो कुठे आहे?"

ओलेटाने खाली बोट दाखवलं. तळघर जुन्या कागदांचं, ती ते गुरुवारीच उघडते.

रॉइस एका उलट्या डब्यावर बसला होता, भोवती खोकी, हात कोपरापर्यंत धुळीने माखलेले. मला पाहून तो उठला नाही.

"पेंडीचं दुकान बरंच खोल दिसतंय," मी म्हणाले.

"पेन्शनच्या फॉर्मवर तुझं नाव घालायचं होतं," तो म्हणाला. "माझ्या मागे तुला मिळावी म्हणून. त्यांनी तुझ्या आधीच्या घटस्फोटाचा कागद मागितला. तुला विचारलं असतं तर तू लायलच्या नावाने दोन दिवस भांडी आपटली असतीस. म्हटलं, गुपचूप जाऊन आणू."

"आणि नाही मिळाला."

"ओलेटाने पहिल्याच गुरुवारी वही दाखवली. तेव्हापासून खोकी उपसतोय. निकाल चुकून दुसऱ्या कुणाच्या फायलीत गेला असेल म्हणून. त्या सालची खोकी संपली, पुढच्या सालचीही संपली." त्याने खोक्यावरची धूळ तळव्याने पुसली. "नेल्डा, तुला माहीत होतं?"

"काय?"

"अख्ख्या काउंटीचे कागद तू बघतेस. कोण कुणाचं, कोण सुटलं, सगळं तुला तोंडपाठ. आणि स्वतःचा कागद बघितला नाहीस? कोण विश्वास ठेवेल? मला वाटलं, तू एक दार उघडं ठेवलंयस. कधी लागलं तर निघून जायला."

माझा संताप झाला. इतके दिवस मी याच्यावर संशय घेत होते, आणि हा वर मलाच विचारत होता. पण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

"मला लाज वाटायची," मी शेवटी म्हणाले. "ती फाइल उघडली असती तर ती एकवीस वर्षांची मूर्ख मुलगी पुन्हा दिसली असती. म्हणून कधी उघडली नाही. दार वगैरे काही नव्हतं, रॉइस. मी सत्तावीस वर्षं तुझीच बायको होते."

"कागदावर नव्हतीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

वर आल्यावर ओलेटा म्हणाली, "नवा अर्ज इथेच टाक. कुणाला कळणार नाही."

मी टिल्डनला टाकला. माझ्याच खिडकीवर, हाताखालच्या मुलीकडून निळा शिक्का मारून घेतला. लायलचा पत्ता कुणाला माहीत नव्हता, म्हणून तीन शुक्रवार साप्ताहिकात जाहीर नोटीस आली, डुकरांच्या भावाशेजारी, माझ्या पूर्ण नावानिशी. रॉइसला कॅफेत विचारलं गेलं, "काय रे, सत्तावीस वर्षं दुसऱ्याची बायको सांभाळलीस, भाडं तरी मिळालं का?" तो ताटलीतलं खात राहिला म्हणे.

साठ दिवस थांबावं लागतं. त्या साठ दिवसांत तो मागच्या खोलीत झोपला. मी एकदाच विचारलं, पुन्हा लग्न करशील का. "आधी निकाल लागू दे," एवढंच म्हणाला. तो करणार नाही, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. काचेवरचं बर्फ मात्र रोज खरवडलेलं असायचं, आणि ते तो निरोपादाखल करतोय की सवयीने, हे मला कळत नव्हतं.

निकालाच्या दिवशी दुपारी तो कोर्टात आला आणि रांगेत उभा राहिला. पुढे ट्रॅक्टरच्या परवान्याचे दोघे होते. त्यांचं झाल्यावर तो खिडकीशी आला. मी निकालपत्र पुढे सरकवलं.

"शिक्का म्हणजे निकाल नव्हे," तो म्हणाला.

"सही बघ."

त्याने चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून वाचलं, सही उजेडाकडे धरून बघितली, उठावदार मोहरेवरून अंगठा फिरवला. सगळं मी लोकांचं करते तसंच. मागे रांग वाढत होती.

"लग्नाच्या परवान्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो?"

"याच," मी म्हणाले आणि कोरा अर्ज पुढे केला.

त्याने उभ्या उभ्या भरून दिला. मी नेहमीप्रमाणे ओळ न् ओळ तपासली. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग प्रश्न होता: याआधीची लग्नं किती, कुणाशी? रॉइसने लिहिलं होतं: एक, नेल्डाशी.

कायद्याने ते साफ चूक होतं. दुसरं कुणी असतं तर मी खोडायला लावलं असतं. मी शिक्का मारला.