चढावरचं ब्लँकेट

मित्रांनो, माझ्या पुढच्या जाळीत ब्लँकेटची एक मोठी पिन अडकलेली आहे. ती गंजली आहे, पण घरातलं कुणी ती काढत नाही. नवा माणूस अंगणात आला की विचारतो, "ही कशाला इथे?" तेव्हा घरचे सांगायला लागतात. आज मीच सांगतो.

मी एक जुना ट्रक आहे, अंगाने लहान, पण चारही चाकांत जोर असलेला. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात मला घडवलं, जहाजात घातलं आणि आफ्रिकेतल्या लेसोथोच्या उंच डोंगरात एका लोकरीच्या व्यापाऱ्याकडे पोचवलं. तिथे वर जाताना मक्याच्या पिठाची पोती आणि खाली येताना लोकरीचे गठ्ठे, हे माझं काम. खिंड चढून मी गावात शिरलो की बायका जीभ हलवून आनंदाचा लांब सूर काढत. मला चालवणारा माणूस होता मोखेले. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे, म्हणून सगळे त्याला न्ताते मोखेले म्हणत.

एका उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या पावसाच्या दिवसांत, नदीला पूर आला आणि ती ओलांडताना मी वाहून गेलो. न्ताते पोहून बाहेर आला. मी मात्र दगडांत अडकून बसलो, पोटात गाळ आणि पाणी घेऊन. व्यापाऱ्याने नवी गाडी आणली. माझं कौतुक करणाऱ्या तोंडांनीच मला भंगार म्हटलं. तेव्हा न्तातेने शेजारपाजारचे बैल जुंपले आणि मला ओढत आपल्या अंगणात नेलं.

ख्वाबाने नावाचा शेजारी कुंपणावर टेकून म्हणाला, "न्ताते, या लोखंडापेक्षा माझं गाढव बरं. निदान लाथ तरी मारतं!"

"ते फक्त तुलाच मारतं," न्ताते म्हणाला. "जनावराला माणसाची पारख असते."

तेव्हापासून माझी दुरुस्ती सुरू झाली, ती वर्षानुवर्षं चालली. न्ताते मेंढीच्या कातड्यावर माझा गिअरबॉक्स उघडून बसे. रॉकेल आणि वाळूने एकेक दात घासून काढी. त्याचा मुलगा थुसो दूरच्या खाणीत कामाला होता. नाताळला आणि ईस्टरला तो घरी येई, तेव्हा त्याच्या कपड्यांत गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासाठी असे. एकदा बेअरिंग, एकदा ब्रेकचे पाइप, एकदा उशीच्या खोळीत घातलेली क्लचप्लेट. माझा एक दरवाजा निळा आहे आणि दुसरा लाल, कारण तो दुसऱ्याच कुणाचा आहे. माझ्या सीटमध्ये लोकर भरलेली आहे. मधल्या काळात तिथे कोंबड्या अंडी घालत.

न्तातेची बायको म्मे माथुसो. थुसोची आई म्हणून माथुसो. पहाटे उठून ती आधी प्रार्थना म्हणे, मगच चूल पेटवी. प्रार्थना म्हणताना घरातल्या प्रत्येकावर हात ठेवायचा तिचा नेम होता. माणसं झाली की गाय, आणि गाय झाली की मी. त्या हाताची ऊब बॉनेटवरून आत इंजिनापर्यंत जात असेल का, हे मला ठाऊक नाही. पण मी रोज तिची वाट पाहत असे.

थंडी सुरू झाली की संध्याकाळी ती आपलं जुनं ब्लँकेट माझ्या पुढच्या जाळीवर टाकी आणि पिन लावी. म्हणे, "म्हातारं माणूस आहे, बाधेल." यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या डोंगरात राजा असो की गुराखी, ब्लँकेट पांघरल्याशिवाय कुणी दाराबाहेर पडत नाही.

थुसोचं लग्न झालं. नव्या सुनेला सासरी नाव देतात, होणाऱ्या पहिल्या मुलाची आई म्हणून. सासूसासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं मातेबेलो, म्हणजे तेबेलोची आई. तेबेलो म्हणजे आशेने वाट पाहणं.

वाट पाहणं मात्र फार लांबलं. दवाखाना खिंडीच्या पलीकडे. पहिल्या खेपेला घोड्यावरून नेताना वाटेतच सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला ती पोचली, पण उशिरा. पाणवठ्यावर बायका तिला हाक मारत, "तेबेलोची आई!" आणि ती भरलेली घागर उचलून निघून जाई. दुसऱ्या खेपेनंतर न्ताते माझ्याजवळ आला. मग त्याने पाना उचलला. तोवर माझी दुरुस्ती हा त्याचा विरंगुळा होता. त्या दिवसापासून, पुढच्या खेपेला सुनेला माझ्यातून नेता यावं म्हणून, त्याचा हात वेगळाच चालू लागला.

इथे एक रीत आहे, तीही सांगायला हवी. मुलगा झाला तर बायका काठ्या घेऊन बापाच्या मागे धावतात आणि त्याला झोडपतात. मुलगी झाली तर त्याच्यावर पाणी फेकतात. ख्वाबानेला मुलगा झाला तेव्हा तो माझ्या मागे लपला होता, आणि त्याला चुकलेल्या दोन काठ्या माझ्याच पत्र्यावर बसल्या. आमच्या घरापुढे मात्र दोन्ही वेळा ना काठी वाजली, ना पाणी सांडलं.

तिसऱ्या खेपेला हिवाळा होता. त्या गुरुवारी सकाळी बर्फ पडत होतं. म्मे माथुसो चर्चच्या बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेचा लाल झगा घालून निघायच्या तयारीत होती, तेवढ्यात सुनेने भिंतीला हात टेकवला. दिवस भरायला अजून अवकाश होता. दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "आमची गाडी बर्फात वर येत नाही. तुम्हीच आणा. आणि घोड्यावरून आणू नका, म्मे!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

दुरुस्तीनंतर मी चालत होतो, पण गावातल्या ओढ्यापलीकडे अजून गेलो नव्हतो. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा चढावर कधी ओढून पाहिला नव्हता. न्तातेने किल्ली फिरवली. मी खोकलो, पुन्हा खोकलो आणि सुरू झालो. ख्वाबाने फावडं घेऊन मागच्या फळ्यांवर चढला.

"तू कुठे?" न्ताते ओरडला.

"लोखंड अडलं तर ढकलायला गाढव नको का?" तो म्हणाला.

पुढे न्ताते, पलीकडे दाराशी सून, मध्ये म्मे माथुसो. सासऱ्यासमोर सुनेने डोकं झाकायचं, खांद्यावरचं ब्लँकेट काढायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हीही इथली रीत. मातेबेलो ब्लँकेट घट्ट धरून, ओठ मिटून बसली होती. म्मेच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला गरम पाण्याचा डबा होता, बाळासाठी.

आणि माझ्या जाळीवर कालच्या संध्याकाळचं ब्लँकेट तसंच होतं. निघताना न्तातेने ते पाहिलं. म्हणाला, "असू दे, वर गारठा आहे."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

चढ सुरू झाला. पहिल्या वळणावर मागची चाकं जागीच फिरायला लागली. न्तातेने दांडा ओढला. आत कडकड झाली, आणि कित्येक वर्षं नुसती बसून राहिलेली माझी पुढची चाकं दगडाला धरून वर निघाली. मागून ख्वाबाने फावडं आपटून ओरडला, "शाब्बास रे म्हाताऱ्या!" हा कुठल्या म्हाताऱ्याला म्हणाला, ते त्यालाच ठाऊक.

पण माझ्या छातीत आग पेटली होती. तापमानाचा काटा वर चढत होता. इंजिन गार ठेवणारा वारा जाळीतूनच आत येतो, आणि त्याचा एक श्वास मला मिळत नव्हता. न्ताते एकदा काट्याकडे पाही, एकदा रस्त्याकडे. कळ आली की मातेबेलोची बोटं माझ्या दाराच्या मुठीवर आवळत. दोन कळांमधलं अंतर कमी होत चाललं होतं. ते न्तातेच्या आधी मला कळत होतं, कारण ती मूठ माझी होती.

माथा समोर दिसत असताना मी उकळलो. वाफेने काच पांढरी झाली. न्तातेने मला थांबवलं आणि ख्वाबानेने चाकांमागे दगड लावले.

न्तातेने बॉनेट उघडलं. "हेड गॅस्केट उडालं, इंजिनाच्या डोक्याचा सांधा गेला," तो हळूच म्हणाला. "मीच बसवलेलं. इतकी वर्षं मी नुसता खेळ करत बसलो, ख्वाबाने."

"आता रडू नकोस," ख्वाबाने म्हणाला. "काय करायचं ते सांग."

"काय करणार? जे या हातांनी बसवलं, तेच या हातांना जमलं नाही. संपलं."

त्याच्या गुडघ्याला माझं ब्लँकेट लागत होतं. तो त्याच्यावरच टेकून उभा होता. पण ते त्याला दिसत नव्हतं. रोज अंगावर असतं ते कुणाला दिसतं?

आत मोठी कळ आली. सासरा बाहेर आहे एवढं पाहून मातेबेलोने अंगावरचं ब्लँकेट ओरबाडून खाली टाकलं.

"अगं, गारठशील!" म्मे ते उचलून पुन्हा घालायला गेली.

"नको, म्मे! आग होतेय नुसती! कष्टणाऱ्या अंगाला कशाला पांघरूण?" ती ओरडली. आणि ओरडता ओरडताच थांबली. वर झालेल्या बॉनेटच्या बाजूने ब्लँकेटचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं. तिने दार ढकललं, उघड्या डोक्याने बाहेर वाकली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्याशी बोलली.

"न्ताते! त्याचंही काढा! त्यालाही गुदमरतंय!"

न्ताते दचकला. आधी तिच्या उघड्या डोक्याकडे पाहून त्याने मान फिरवली. आणि मान फिरवली तसं त्याला खाली काय आहे ते दिसलं. त्याने ब्लँकेट हिसकलं. ते फाटत निघालं, पिन तिथेच राहिली.

म्मेने तोंडावर हात घेतला. "देवा, मीच लावलं होतं ते."

"आणि मीच राहू दिलं," न्ताते म्हणाला.

वारा माझ्या छातीत शिरला. पण नुसत्या वाऱ्याने भागणार नव्हतं. पाणी वाफ होऊन उडालं होतं. ख्वाबाने बर्फाची ओंजळ घेऊन धावला, तसा न्ताते गरजला, "बर्फ नको! तापल्या लोखंडाला तडा जाईल!" मग थांबणंच आलं. त्या वेळेसारखी लांब वेळ मी नदीच्या गाळातही पाहिली नव्हती. म्मे माथुसो खालच्या आवाजात प्रार्थना म्हणत होती, आणि प्रत्येक कळेला तिचा शब्द तुटत होता.

शेवटी न्तातेने कापड धरून माझ्या पाण्याच्या टाकीचं टोपण सोडलं. म्मेने मांडीवरचा डबा पुढे केला.

"ते बाळाचं आहे," तो म्हणाला.

"बाळाचंच काम करतंय," ती म्हणाली. "घाल."

ते कोमट पाणी मी प्यायलो. न्तातेने किल्ली फिरवली. मित्रांनो, त्याने बसवलेलं गॅस्केट शाबूत होतं. मी सुरू झालो.

माथा ओलांडला आणि उतार लागला. बर्फावर ब्रेक जोरात दाबला असता तर आम्ही दरीत गेलो असतो. न्तातेने लहान गिअरात धरून मला म्हाताऱ्या बैलासारखं खाली उतरवलं. दवाखान्याच्या दारात बायकांनी मातेबेलोला उचलून आत नेलं. दार बंद झालं.

मी बाहेर उभा राहिलो. न्ताते माझ्या पायरीवर बसला, ख्वाबाने त्याच्या शेजारी. बर्फ पडायचं थांबलं. मी काठीची वाट पाहत होतो, पाण्याची वाट पाहत होतो. दोन्हींपैकी काहीही चालणार होतं. फक्त ती तिसरी गोष्ट, ती शांतता, नको होती. आणि आत शांतताच होती.

दार उघडलं. म्मे माथुसो बाहेर आली. तिच्या झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या होत्या आणि हातात बादली होती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बाप तर दूरच्या खाणीत. न्ताते अर्धवट उठून उभा राहिला होता. त्याच्याकडे पाहून तिने मान हलवली.

"तू कोण? आजोबा," ती म्हणाली. "बाजूला हो."

आणि तिने सगळी बादली माझ्या बॉनेटवर फेकली.

वाफेचा मोठा लोट उठला. त्या वाफेच्या आतून बायकांचा लांब, उंच सूर आला, आणि त्याखालून एक बारीक, रागावलेलं रडणं. तेबेलो आली होती. ख्वाबाने हसत होता आणि बाहीने डोळे पुसत होता. "बघा लोकहो," तो म्हणाला, "न्तातेचं लोखंड बाप झालं!"

माझ्या काठांवरून ओघळणारं पाणी थेंबाथेंबाने गोठत होतं. पण मला थंडी वाजत नव्हती.

आता तेबेलो माझ्या पायरीवर बसून पाव खाते. न्ताते थकला आहे, माझं ऑइल तो आता ख्वाबानेला बदलायला लावतो आणि शेजारी बसून चुका काढतो. म्मे अजूनही संध्याकाळी मला पांघरूण घालते. आणि पहाटे प्रार्थनेचा हात ठेवताना आठवणीने काढते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, एखादं म्हातारं माणूस असेल. त्याला टाकू नका, थंडीत पांघरूण घाला. पण ते चढाला लागलं, की जरा थांबून पाहा. त्याला आता ऊब हवी आहे, की वारा?