हिल्माच्या बाहुल्या

लेअर गावच्या बंदरावरचा सकाळचा उजेड घाई करत नाही. आधी पाण्यावर रेंगाळतो, मग विटांच्या भिंतींवर चढतो आणि शेवटी वुब्बोंच्या चहाच्या पेल्यात, विरघळत्या खडीसाखरेवर येऊन टेकतो. थेडे त्या उजेडाकडेच पाहत बसला होता. दिवंगत पत्नी हिल्माच्या बाहुलीनाट्यावर वुब्बोंनी ऑनलाइन विश्वकोशात लेख लिहिला होता. दुसऱ्या कुणी लिहिलेल्या संदर्भाशिवाय तिथे लेख टिकत नसे; तो ठेवायचा की वगळायचा, हे कोशाची देखरेख करणारा प्रचालक म्हणून थेडेने ठरवायचं होतं. त्या बाहुल्या पाहतच तो लहानाचा मोठा झाला होता. म्हणून लेख वगळण्यावरच्या चर्चेची मुदत तो वाढवतच चालला होता.

“आणखी किती वाढवणार?” वुब्बोंनी विचारलं. “माझ्याकडचा केक संपेपर्यंत?”

“कुठेतरी संदर्भ सापडेल, वुब्बो.”

“पोरा, लेखकाकडे नाही, पुराव्याकडे बघायचं, हे तुला मीच शिकवलं ना? दुसऱ्या कुणाचा असता तर मी पहिल्याच दिवशी उडवला असता. हिल्मा हसली असती तुला.” त्यांनी लॅपटॉप हळूच त्याच्यापुढे सरकवला.

थेडेने लेख वगळला. हिल्माच्या बाहुल्यांबद्दल वुब्बोंखेरीज कुणीही, कधीही, एक ओळसुद्धा लिहिली नव्हती.