शेवटच्या डावाचा माणूस

"अजून नाही!" संघाचा प्रशिक्षक ओविदियो बाकावरून ओरडला. "नुसता हात गरम ठेव."

फेर्मिनने शिवी गिळली आणि पुढचा चेंडू चागोच्या चामडी हातमोज्यात आदळवला. बेसबॉलच्या मैदानाच्या कडेला जाळीमागे, हात गरम करायची ही अरुंद पट्टी होती. एका टोकाला चेंडू टाकणारा पिचर, दुसऱ्या टोकाला झेलायला उकिडवा बसलेला चागो आणि त्याच्या शेजारी सरावासाठी नुसती बॅट धरून उभा केलेला राखीव गडी.

"आज तिसऱ्यांदा गरम करतोय," चागो म्हणाला. "भाकरी असती तर एव्हाना करपली असती."

जाळीला लागून, पट्टीकडे तोंड करून, दॉन सेनोन खुर्चीत बसला होता. फेर्मिनचा बाप. फेर्मिननेच सकाळी त्याला घरच्या खुर्चीसकट आणून बसवलं होतं.

"पापा, इथून मैदान दिसतंय ना?"

"मी काय आंधळा आहे?" म्हातारा फिस्कारला होता. एका डोळ्यात कधीच मोतीबिंदू झालेला, दुसराही त्याच वाटेवर. पण विचारायची सोय नव्हती.

सांता ओफेलियाच्या साखर कारखान्यात सेनोनने हयात घालवली. उसाचा गळीत हंगाम आणि बेसबॉलचा हंगाम, दोन्ही हिवाळ्यातले. फेर्मिनचा संघ इथे खेळायला आला की बाप हमखास यायचा. पण सातव्या डावाच्या सुमाराला कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि म्हातारा टोपी चढवून उठायचा. फेर्मिन तर शेवटच्या डावाचा माणूस: संघ पुढे असला की नवव्या डावात आघाडी राखायला उतरवायचा पिचर. पोराचा डाव सुरू व्हायच्या आत बापाची पाळी सुरू व्हायची. सगळी उमेदीची वर्षं अशीच गेली आणि बापाने पोराला सामन्यात एक चेंडू टाकताना पाहिलं नाही. गेल्या वर्षी कारखाना कायमचा बंद पडला. त्यानंतर संघ इथे आज प्रथमच आला होता, तोही अंतिम सामन्यासाठी. आणि पुढच्या हंगामात तू नकोस, असं क्लबने फेर्मिनला आधीच सांगून टाकलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

आठव्या डावात बरोबरी होती. नववा संपला तरी बरोबरीच, म्हणून जादा डाव सुरू झाले. मैदानावर विल्किन टाकत होता. जोर बैलाचा, पण घाबरला की चेंडू कुठे जाईल ते देवाला ठाऊक. दहाव्यात ओविदियोच्या गड्यांना काही जमलं नाही. मग सांता ओफेलियाची फलंदाजी आली. पाहुण्यांच्या नशिबी हे असतंच: यजमानांची एक धाव, की खेळ तिथेच खलास. त्यांचा एक गडी तिसऱ्या तळावर, धावेपासून एकाच टप्प्यावर, येऊन उभाही राहिला.

फेर्मिनला राहवेना. तो पट्टी सोडून थेट ओविदियोच्या बाकापाशी गेला.

"आता घाल मला."

"आघाडी मिळू दे. अकराव्यात घेऊ आपण आघाडी, मग तू ये आणि दार लावून घे."

"अरे, घर आत्ता पेटलंय! पाणी कुणासाठी राखून ठेवतोस?"

"आणि तुला आत्ता वापरला तर आघाडी राखायची कुणी? तुझ्या बापाने?" ओविदियो खेकसला. एका वर्षी त्याने फेर्मिनला लवकर उतरवलं होतं आणि शेवटच्या डावात दुसऱ्याने सामना घालवला. तेव्हा लोकांनी त्याच्या दारात कुजकी संत्री फेकली होती. रीत पाळून हरलं, तर निदान संत्री तरी चुकतात.

"माझा बाप तिथे बसलाय, ओविदियो."

ओविदियोने वर पाहिलं नाही. "माहीत आहे रे. जा, हात गरम ठेव."

फेर्मिन परतला. खांद्यात आता ठणका लागला होता. तरी तो टाकत राहिला. राग होता तो सगळा त्या चेंडूंत गेला. चागोचा मोजा फटाफट वाजत होता, बॅटवाला गडी डोळे विस्फारून पाहत होता.

आणि मैदानाकडून एक कोरडा ठोका ऐकू आला. फेर्मिनला वळून बघायची गरज पडली नाही. सगळं गाव एकदम उठलं, ढोल वाजले, फटाके फुटले. विल्किन खाली मान घालून उभा होता. चागोने मोजा काढला आणि तिथेच मातीत बसकण मारली.

ज्या आघाडीसाठी फेर्मिनला राखून ठेवलं होतं, ती कधी आलीच नाही.

बापाला काय सांगायचं, हे जुळवत तो खुर्चीपाशी गेला. सेनोन मात्र जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय टाकलेस रे पोरा!" म्हातारा म्हणाला. "त्याची बॅट हललीसुद्धा नाही! एकदाही नाही!"

फेर्मिनने मागे पाहिलं. राखीव गडी बॅट खांद्यावर टाकून निघून चालला होता. त्याच्या पलीकडचं मैदान म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धुक्यासारखंच असणार.

"सगळं गाव ओरडतंय बघ तुझ्यासाठी. पाहुणा असूनसुद्धा!"

फटाके अजून वाजत होते. चागो खाली बसल्या जागीच तोंड फिरवून नाक शिंकरू लागला.

"हो, पापा," फेर्मिन म्हणाला.

"जिंकलात ना?"

"हो."

"मला वाटायचं, भोंग्याने माझं सगळंच नेलं." म्हाताऱ्याने टोपी चढवली. "चल. हात दे."

फेर्मिनने डाव्या हाताने खुर्ची उचलली. उजवा हात वर होत नव्हता. तो तसाच लोंबता बापाने दोन्ही हातांत धरला आणि गर्दीतून जाताना कुणाचा धक्का लागू नये म्हणून छातीशी घट्ट धरून ठेवला.