कमानीपर्यंतचा खेळ

युसूफ तिसऱ्या टीव्हीची वायर गुंडाळत होता, तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून कोणीतरी आत आलं. मिरचीची आडत असलेल्या चंपालाल शेठचा मुलगा अर्पित. सोळा-सतरा वर्षांचा असताना कॉलेज बुडवून इथेच पडलेला असायचा. आता पुण्यात नोकरीला, पोट सुटलेलं, चष्मा लागलेला.

"चाचा, घोडावाला गेम ठेवा हं. तो नका काढू," त्याने आल्या आल्याच सांगितलं.

युसूफने कोपऱ्यातल्या टीव्हीकडे मान केली. तो अजून लावलेलाच होता. पाच वाजता भावाचा मुलगा अतिक बोदवडहून टेम्पो घेऊन येणार होता. सहाही मशिनी तो सुट्या भागांसाठी नेणार होता, आणि उद्या सकाळी गाळ्याची चावी मालकाला द्यायची होती. आता तीन वाजले होते.

दोंडाईच्यात स्टेशन रोडला हे दुकान एकवीस वर्षं चाललं. आधी युसूफ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. मग टीव्ही बिघडायचे थांबले आणि त्याने गेमच्या मशिनी आणल्या. मिरचीच्या हंगामात मार्केटातले हमाल अंगाखांद्यावर लाल भुकटी घेऊन यायचे, आणि सगळं दुकान शिंकत शिंकत खेळायचं. आयटीआयची पोरं असायची, एसटीचे दोन कंडक्टर असायचे. पुढे हरेकाच्या खिशात फोन आला. गेल्या वर्षी तर दिवसाला चार माणसंही फिरकत नव्हती.

घोड्याच्या गेमचं नाव इंग्रजीत होतं आणि ते कोणीच घेत नसे. भलामोठा मुलूख, डोंगर, नद्या, ओसाड किल्ले. खांद्यावर निळं फडकं टाकलेला एक गडी, आणि त्याचा घोडा. कुठेही जा, कोणाशीही भांडा, नाहीतर नुसते हिंडा. पण त्या मुलखात सोडण्याआधी गेम शाळा घ्यायचा. एका गावात एक म्हातारा, हातात काठी. तो बसायला, चालायला शिकवणार, धावायला शिकवणार, घोड्यावर बसायला, बाण सोडायला. मधेच सगळं थांबायचं आणि पाटी यायची, अमुक बटण दाबा. पाऊण तास हेच. मग म्हातारा गावच्या कमानीचा अडसर काढायचा, आणि तिथून पुढे खरा गेम.

गिऱ्हाईक तासावर बसायचं. पहिल्याच आठवड्यात तोताराम हमालाने बटणं खाली ठेवून दिली होती. दिवसभर मुकादमाचं ऐकतो, आता याचंही ऐकू का, असं म्हणून तो जो गेला तो महिनाभर आला नाही. युसूफला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो दुकान उघडण्याआधी येऊ लागला. आतून शटर ओढून तो एकटाच शाळा पुरी करायचा आणि गेम कमानीत आणून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की कमान उघडीच. घोडा हाकला की सुटलं. शिरपूरपर्यंत दुकानाचं नाव झालं ते यामुळे. बाकीचे दुकानदार हसायचे, पण त्यांच्याकडे गिऱ्हाईक जांभया द्यायचं आणि युसूफकडे ओरडायचं.

मेमरी कार्डात जागा थोडी. रात्रीपर्यंत कोणी ना कोणी गिऱ्हाईक जाताना आपला डाव त्याच जागेवर ठेवायचं आणि सकाळची कमान पुसून जायची. म्हणून रोज नवी शाळा.

पाटीवरचं इंग्रजी त्याला येत नव्हतं. मराठी अक्षरंसुद्धा त्याला चाळिशीनंतर मदिनाने, त्याच्या बायकोने, लेकीचं पहिलीचं पुस्तक पुढ्यात ठेवून शिकवली होती. पण बटणांवरचा त्रिकोण, चौकोन, गोल आणि फुली त्याला कोणी शिकवायची गरज पडली नाही. त्या चार खुणांवर त्याने सगळी शाळा पाठ केली होती.

अर्पित स्टुलावर बसला आणि सांगू लागला. मागच्या महिन्यात त्याने पुण्यात नवा गेम घेतला होता. असाच मोठा मुलूख, चित्रं तर विचारू नका. पण दोन तास झाले तरी पाट्याच. इकडे बघा, तिकडे वळा, हे दाबा. दुसऱ्या दिवशी त्याला तो लावावासाच वाटला नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लहानपणी त्याने शाळा कधी पाहिलीच नव्हती. ती कोणीतरी त्याच्याऐवजी करून ठेवत होतं.

युसूफ खूश झाला. पहिला तास मास्तरचा असेल तर दुसऱ्या तासाला कोण बसेल, हे तो इतकी वर्षं सांगत होता.

"पण चाचा, रोज कशाले करत होतात? दुसऱ्या कार्डात एकदा कॉपी करी ठेवतात तर व्हई जातं. एक मिनिटाचं काम शे."

युसूफने वायरचा एक वेढा घेतला. मग हसला. "मंग रोज सकायले मी काय करतू, घरमां झाडू मारतू?"

अर्पितही हसला. मग त्याला काहीतरी आठवलं. कमानीतून बाहेर पडलं की पडदा काळा होतो, त्याने सांगितलं, आणि उजेड येतो तेव्हा मधे सात वर्षं गेलेली असतात. मागचं गाव जळून पडलेलं असतं, आणि कमानीच्या उजव्या अंगाला मातीचा एक ढीग असतो.

"कबरच म्हना. ती कोनी शे, आमले कधी समजनंच नई. तुमले तर सुरुवात माहीत शे. कोन मरनं तठे?"

युसूफने हातातली वायर खाली ठेवली. कमानीच्या पुढे तो एकदाही गेला नव्हता. शाळा संपली की डाव ठेवायचा, शटर वर करायचं, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांचं पाणी, भांडणं, लाइट गेली की शिव्या. पडद्याकडे पाठ करूनच तो बसायचा.

"गाव जळस?" त्याने विचारलं.

अर्पितने होकाराची मान हलवली.

युसूफने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. मशीन चालू करून तो खाली सतरंजीवर बसला. कमानीतला डाव कार्डात नव्हताच, तेव्हा शाळा पहिल्यापासून करावी लागली. अर्पितने ती आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. म्हातारा बुटका होता, डावा पाय ओढत चालायचा. घोडा बिथरला की तो आधी घोड्याला थोपटायचा आणि मग गड्याला रागवायचा. थंडी सुरू झाली तसं त्याने स्वतःच्या अंगावरचं निळं फडकं काढून गड्याच्या खांद्यावर टाकलं.

"ते फडकं याचं व्हतं?" अर्पित म्हणाला. "आमी त्याले गेमना दुकानमां इकी टाकतूत. बठ्ठेच इकेत. त्याना बाण येस ना."

फडकं विकून बाण घेतल्याचं ऐकूनही युसूफने पडद्यावरची नजर काढली नाही. त्याची बोटं पाटी यायच्या आधीच हलत होती. म्हाताऱ्याने अडसर काढला. इथे रोज युसूफ उठायचा. आज त्याने घोडा पुढे काढला.

पडदा काळा झाला आणि उजेड आला. कमान तीच होती, पण काळी पडलेली. समोर गवताचा मुलूख डोंगरापर्यंत पसरला होता आणि पाटी कुठेच नव्हती.

"आते काय दाबू?"

"काहीच नई, चाचा. तुमले वाटी तथा जा."

दुकानात येणारी सगळी पोरं इथून डोंगराकडे घोडा पिटाळायची. अर्पितही तेच करायचा. कितीदा तरी त्या ढिगावरून टापा गेल्या असतील. युसूफने घोडा उजवीकडे वळवला, खूप सावकाश. मातीच्या उशाला काठी रोवलेली होती. ती त्याने लगेच ओळखली. तो घोड्यावरून उतरला.

थोडा वेळ गडी तसाच उभा राहिला. मग युसूफने त्रिकोण दाबून धरला, आणि गडी मांडी घालून ढिगाजवळ खाली बसला. घोडाही मान खाली घालून चरू लागला.

अर्पित पुढे सरकला. हा गेम तो दोन वर्षं खेळला होता, सगळे किल्ले घेतले होते. "याले बाहेर बी बसता येस?"

"पहिलाच धडा तो," युसूफ म्हणाला. "दमना की बस, म्हनस म्हतारा. लढाई मंग."

पडद्यावर वारा सुटला. ढगांची सावली गवतावरून सरकत गेली. युसूफने बटणांवरून बोट उचललं नाही. उचललं असतं तर गडी उठून उभा राहिला असता.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. अतिक वाकून आत आला आणि उशीर झाल्याबद्दल बोलू लागला, पण काकाची पाठ बघून मधेच थांबला. अर्पितने त्याला हातानेच काहीतरी सांगितलं. अतिकने चपला काढल्या. बाकीच्या पाच मशिनी त्याने एकेक करून टेम्पोत नेऊन ठेवल्या, स्टुलं नेली, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. सगळं भरून झालं तेव्हा तो परत आला आणि काकाशेजारी सतरंजीच्या कडेला बसला.