धार जवळच आहे

साहेबराव आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, आणि घात झाला तो खरं बोलल्यानेच. माघाच्या अखेरीला सर्वेचा माणूस गावात आला होता. भर दुपारी सायकल हाणून त्याचा चेहरा लालबुंद झालेला. गावच्या विहिरीने तळ दाखवला होता, टँकरची मागणी गेली होती, आणि गावाच्या आसपास दुसरं पाणी कुठे आहे ते त्याला कागदावर लिहून न्यायचं होतं. वस्तीतल्या लिंबाखाली सायकल टेकवून त्याने विचारलं तेव्हा साहेबरावांनी डोंगराकडे बोट केलं.

"ती काय धार! बहात्तरात आटली न्हाई, आता काय आटती? हाकेच्या अंतरावर तर हाय."

माणसाने लिहून घेतलं, खाली साहेबरावांची सही घेतली आणि तांब्याभर पाणी पिऊन तो निघून गेला.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं कुणीही म्हणेल. पण त्या जिभेमागे काय होतं तेही सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्यावर अन्याय होईल.

धबधबा हा पेपरातला शब्द. उदगीर तालुक्यातल्या त्या कोनाळवाडीत तिला नुसती धार म्हणत. पावसाळ्यात ती कड्यावरून अशी कोसळायची की वस्तीतल्या माणसाला शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागे. उन्हाळ्यात बोटाएवढी व्हायची, पण तुटायची नाही. गावची विहीर गावाची होती. वस्तीतल्या बायांनी काठावर उभं राहून वाट बघायची, कुणाला दया आली तर घागरीत वरून ओतून मिळायचं. साहेबरावांच्या आईला, नागुबाईला, ते कधी पटलं नाही. ती डोंगर चढून धारेचं पाणी आणायची. तिच्या मागे सगळी वस्ती चढायला लागली. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर देव्हाऱ्यातले देव ओढ्यात गेले, धार मात्र वस्तीने सोडली नाही. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, विहीर आटली आणि अख्खं गाव नागुबाईच्या मागे रांग धरून डोंगर चढलं. "पाय कुठं ठिवू गं, नागुबाई?" असं थोरामोठ्यांच्या बाया विचारत होत्या आणि ती त्यांना हात देऊन वर ओढत होती. ही गोष्ट साहेबराव कुणालाही सांगत. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा ती ऐकून घ्यावी लागे. सर्वेच्या माणसाने विचारलं तेव्हाही ते माहिती देत नव्हते, आईचं कौतुक सांगत होते.

फाल्गुनात टँकरची यादी आली. तीत कोनाळवाडी नव्हती. गावाने पुन्हा डोंगर धरला.

चैत्रात साहेबरावांची सून पंचशीला भरली घागर घेऊन उतरताना कड्याच्या पायऱ्यांवरून घसरून दरीत पडली आणि गेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिला वर आणायला चौघांना दोरखंड बांधून उतरावं लागलं. त्यात तिचा नवरा रामकिशन होता. त्याने इतरांना तिला हात लावू दिला नाही, स्वतःच्या पाठीशी बांधून आणलं.

तिसऱ्या दिवशी रामकिशनने चावडीपुढे सरपंच हणमंतरावांची गचांडी धरली. सरपंचांनी आपल्या व्याह्याच्या गावाकडे टँकर वळवला, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. "माझी बायकू तुमी मारली," तो सगळ्या गावादेखत म्हणाला. हणमंतराव शपथा घेत राहिले. साहेबराव चार हातांवर उभे होते. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत. घरी आल्यावर भाकरी घशाखाली उतरेना, तर बायकोला, सरजाबाईला, म्हणाले की दाढ दुखते.

दाढेचं निमित्त किती दिवस पुरणार? आता सरजाबाई त्याच वाटेने चढत होती, साठीला आलेली, गुडघ्यांवर हात दाबत. ती घागर घेऊन निघाली की परत येईपर्यंत साहेबराव लिंबाखाली बसून डोंगराकडे बघत राहत. आपलं वाक्य त्या कागदावरून पुसलं गेलं पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं. ते पुसलं तर टँकर येईल, आणि टँकर आला तर निदान ही तरी पडणार नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. हापिसं भाड्याच्या घरांत, पाट्यांना नव्या रंगाचा वास. साहेबराव कुणाला न सांगता एसटीने तीन खेपा गेले. तिसऱ्या खेपेला गुरुपादप्पा नावाचे ओव्हरसियर भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे साहेबरावांनी जेवढं सांगितलं तेवढं.

"बाबा, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला वर न्या."

वैशाखातल्या एका सकाळी गुरुपादप्पा खरंच आले. गळ्यात कातडी पिशवी, हातात मोजायचा फिता, पायात चकचकीत बूट. साहेबरावांनी बुटांकडे बघितलं पण काही म्हटलं नाही. फित्याचं एक टोक साहेबरावांच्या हाती आलं आणि दोघे वस्तीमागच्या कोरड्या ओढ्यातून निघाले.

पहिला टप्पा सोपा होता. सीताफळाची झुडपं, मधून मधून बोरी, पायाखाली घट्ट वाट. गुरुपादप्पा फिता ताणत, वहीत आकडा टिपत, लातूरच्या उकाड्याबद्दल बोलत होते. पुढे मुरमाचा उतार लागला तेव्हा त्यांचं बोलणं बंद झालं. तिथे एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. बायांनी घागर डोक्यावर घेऊन तिथे तिरपं चालायचं तंत्र बसवलं होतं, ते साहेबरावांनी दाखवलं. तरी साहेब दोनदा हातांवर आले.

"हे रोज करतात?"

"दिसातून दोन खेपा. घरात गुरं आसली तर तीन."

वरून एक म्हातारी उतरत होती, डोक्यावर घागर आणि कमरेला कळशी. दोघांनी अंग चोरून तिला वाट दिली. ती हणमंतरावांची आई धोंडाबाई. सरपंचाच्या आईलासुद्धा डोंगर सुटलेला नव्हता. रामकिशनने हे रोज बघितलं असेल, पण माणसाला एकदा दोषी सापडला की त्याला पुढचं काही दिसत नाही.

मग कड्याच्या पायऱ्या आल्या. पायऱ्या म्हणायचं आपलं. काळ्या खडकात कुणीतरी कधीकाळी पाडलेल्या टाचेएवढ्या खोबणी त्या. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. गुरुपादप्पांनी बूट काढून पिशवीत कोंबले. साहेबराव पुढे झाले. सातव्या खोबणीशी त्यांनी पाय ठेवला आणि तो उचलेनाच. सून गेल्यापासून ते इथे आले नव्हते. खडकावर घागर घासल्याचा लांब पांढरा ओरखडा अजून दिसत होता.

"काय झालं बाबा?"

"काही न्हाई. दम खायलोय."

धारेपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. करंगळीएवढं पाणी खडकावरून झिरपत खालच्या डबक्यात पडत होतं आणि सात बाया घागरी ओळीने ठेवून वाटीने पाणी भरत होत्या. गुरुपादप्पांनी तोंड धुतलं नाही. एक ओंजळ प्यायले आणि सावलीला बसले. पिशवीतून त्यांनी घड्याळासारखं उंची मोजायचं एक यंत्र काढलं, निघताना खाली टिपलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं, परत पाहिलं.

"एकशे चाळीस मीटर चढ," ते म्हणाले. "बाबा, तुमचं काम झालं."

साहेबरावांना कळेना.

"दीड किलोमीटरच्या आत पाणी असलं तर टँकर मिळत नाही, हा नियम. फित्याने ही वाट तेवढी भरत नाही. पण डोंगराला वेगळं कलम आहे. शंभर मीटरच्या वर चढ असला तर ते पाणी जवळचं धरायचंच नाही. आठ दिवसांत टँकर लागेल. कुणाच्या पाया पडायची गरज नाही."

"हे कलम नवं हाय का? जिल्हा झाल्यावरचं?"

"छे! जुनंच आहे." त्यांनी पिशवीतून माघातला कागद काढला. "ह्यात बघा ना. 'धार जवळच आहे, बारमाही.' चढाचं नावच नाही. 'डोंगरावर' एवढा एक शब्द असता ना, तर पहिल्याच यादीत गाव बसलं असतं. असली माहिती देतं तरी कोण, मला..."

त्यांची नजर कागदाच्या खालच्या सहीवर गेली. ते थांबले. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवली. साहेबरावांना वाटलं होतं की टँकर मंजूर झाला की छातीवरची धोंड उतरेल. उलट आता ती पुरती बसली. गावाचं नशीब खोटं नव्हतं, सरकार वाईट नव्हतं, सरपंच चोर नव्हता. फक्त एका शब्दाची कसर होती आणि तो शब्द त्यांच्याच तोंडून यायचा राहिला होता.

दोघे उतरून वस्तीत आले. खाली लिंबाखाली सगळं गाव जमलं होतं. गुरुपादप्पांनी टँकरचं सांगताच बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हणमंतरावांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून साहेबरावांच्या डोक्यावर ठेवला. "साहेबराव, तुमी गाव वाचवलं," ते म्हणाले.

रामकिशन लांब उभा होता. तो पुढे आला.

"सायेब, मग पहिल्यांदा का न्हाई दिला टँकर?"

"अपुरी माहिती गेली होती."

"कुनी दिल्ती?"

गुरुपादप्पांनी पिशवीचं बक्कल लावलं. "ते आता कशाला? कागदावर तसं नाव नाही."

बिचारा साहेब! ज्याने डोळ्यांनी बघितल्याशिवाय अक्षर लिहिलं नसतं, तो एका म्हाताऱ्यासाठी उभ्या गावासमोर खोटं बोलला. साहेबरावांनी मान खाली घातली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून हणमंतरावांच्या हातात दिला.

"नाव हाय," ते म्हणाले. "माझंच हाय. म्या सांगिटलं धार जवळ हाय म्हणून."

सरजाबाईने कमरेवरची रिकामी घागर खाली ठेवली. रामकिशन बापाकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा रागाने भरेल याची वाट साहेबराव बघत होते, पण त्यावर राग आलाच नाही. तो वळला, हणमंतरावांपुढे गेला आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"काका, चुकलं माझं."

हणमंतरावांनी त्याला उठवून जवळ घेतलं. तो त्यांच्या मिठीतून निघाला, आईजवळची रिकामी घागर उचलली आणि बापाच्या बाजूने, बापाकडे न बघता, डोंगराच्या वाटेला लागला. टँकर यायला आठ दिवस होते आणि घरात पाणी नव्हतं.

साहेबराव मागून निघाले. एकदा चढून आलेले पाय, पोटात सकाळपासून अन्न नाही. मुरमावर ते दोनदा बसले. पुढे रामकिशन थांबत नव्हता, पण फार लांबही जात नव्हता. कड्याच्या पायऱ्यांपाशी तो दिसला. सातव्या खोबणीखाली खडकाला पाठ लावून उभा होता.

"तिला ठावं होतं?" त्याने विचारलं.

"व्हय. त्या माणसाला तिनंच तर पाणी दिल्तं. माझ्या मागंच हुबी होती."

"मग काही म्हणली का न्हाई?"

साहेबरावांनी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चावडीपुढेही नाही, लातुरातही नाही.

"म्हणली, 'मामा, पाव्हण्याला येकडाव वर घिऊन जा. आमी कुठनं पाणी आणायलोत ते बघू तरी द्या त्याला.'"

"मग?"

"ऊन लई होतं रे, बाळा. त्याचा जीव नुस्ता घामाघूम झाल्ता. म्या म्हणलं, कशाला तरास त्याला."

रामकिशन खाली बसला आणि पंचशीला गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडला. त्याचा आवाज कड्यावर आपटून परत येत होता. साहेबरावांनी त्याच्या पाठीवर ठेवायला हात उचलला. तो ठेवायचा हक्क आपल्याला उरला आहे की नाही हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी हात मागे घेतला. मग त्यांनी पोराच्या मांडीजवळची घागर उचलली आणि खडक धरून ते एकटेच वर चढू लागले.