मोटेचं चाक

"हात उठत नाही व माय," दोर ओढता ओढता शालूबाई स्वतःशीच पुटपुटली. पण विहिरीपाशी बसलेल्या सासूच्या कानांनी ते बरोबर टिपलं.

"आमचे कसे उठत होते मंग?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "रोजच्या वीस घागरी काढल्या मी. तोंडातून शब्द नाही."

शालूबाईनं पुढची घागर विहिरीत सोडली. महिनाभर तिचा उजवा खांदा ठणकत होता, आणि कापसाची वेचणी तोंडावर आलेली. वाकून, काठाच्या दगडावरून दोर घाशीत घागर खेचायची, ही सुलतानपुरातल्या त्या घराची रीत. दगडाला बोटभर खाचा पडलेल्या. घरचे त्या खाचा पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

पाणी भरून झालं की सासूची वेणीही शालूबाईच घाली. मनकर्णाबाईंचा हात कानाच्या वर जात नसे. सारं घर त्याला वात म्हणे.

त्या दिवशी तुळशीराम सुतार बैलगाडी दुरुस्त करायला आला. विहिरीवर दोर खेचणारी शालूबाई आणि गोठ्यात टांगलेलं मोटेचं लाकडी चाक त्याला दिसलं.

"हे काऊन टांगून ठेवलं, काकू?"

"शेतातल्या इहिरीवर इंजिन बसलं. आता मोट नाही, मोटेले बैल नाही."

"म्हंजे बैलाले चाक होतं, आन् सुनेले दगड."

"बाईच्या जातीनं आयतं मागू नये. आळस लागते."

"बैल आळशी झाले होते काय? घागर तेवढीच भरते, काकू. आता सून वाकून वर खेचते. चाकावरून दोर खाली ओढाचा. अंगाचा भारच घागर वर आणते."

मनकर्णाबाईंनी दगडाच्या खाचेत बोट घालून पाहिलं. मग म्हणाल्या, "लावून पाह्य."

संध्याकाळी दोन खांबांवर चाक फिरलं. घागर इतकी अलगद आली, की रिकामीच असेल म्हणून शालूबाईनं डोकावून पाहिलं. काठोकाठ भरलेली!

मंडळी, जनावराच्या कष्टाची आपण सोय बघतो आणि घरच्या बाईच्या कष्टाचं कौतुक करतो. कौतुकानं कुणाच्या खांद्याचा ठणका थांबला आहे का? जिथं एका चाकानं भागतं, तिथं माणूस झिजवू नये.

दुसऱ्या दिवशी पाणी लवकर आटोपलं. मनकर्णाबाई पाठमोऱ्या बसल्या, शालूबाईनं फणी घेतली. चाकाकडे बघत सासू हळूच म्हणाली,

"वात नाही व शालू. माहा खांदा या इहिरीनंच खाल्ला. चाक तवाही होतं शेतात. मले मागता आलं नाही."